पाण्यावरची पांढरी रेघ : पेरिस्कोप, वेग आणि ‘खुकरी’

पाणबुडीच्या संगणकीय खेळात नवखा खेळाडू पहिल्या तासाभरात बहुधा एकाच प्रकारे मरतो. क्षितिजावर धूर दिसतो. तो पाणबुडी पाण्याखाली नेतो, सावज निसटू नये म्हणून यंत्रे पूर्ण वेगाने चालवतो आणि त्याच वेगात पेरिस्कोप वर काढून बघत बसतो. समुद्र शांत, ऊन स्वच्छ, काचेत जहाज सुरेख दिसते. मग ताफ्यातली एक विनाशिका अचानक तोंड वळवते आणि सरळ त्याच्या अंगावर येते. संगणकाने लबाडी केली, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पाण्यावर उमटलेली एक पांढरी रेघ पहाऱ्यावरच्या खलाशाला दिसलेली असते.

‘सायलेंट हंटर ३’ हा २००५ चा खेळ आता जुना झाला, तरी त्याचे भक्त कमी झालेले नाहीत. ‘यूबोट’सारखे नवे खेळही त्याच वाटेने गेले. या खेळांत मुरलेली मंडळी नवख्याला एकच नियम सांगतात : आधी वेग उतरव, मग पेरिस्कोप चढव. हा नियम कोणा खेळ रचणाऱ्याने बसवलेला नाही. तो पहिल्या महायुद्धात माणसांनी जीव देऊन शिकलेला आहे. तो कुठून आला, आणि ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात त्याने कोणते रूप घेतले, हा आजच्या धाग्याचा विषय.

आधी पाण्याचे गणित पाहू. त्यासाठी समुद्र गाठायची गरज नाही. दौंडहून नगरकडे जाणारा लोहमार्ग भीमेवरून जातो. पावसाळ्यात नदीला ओढ असताना त्या पुलाचे खांब पाहावेत. खांब जागेवर उभे, पाणी पळते. पण पाण्याला त्याचे काय? खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी चढलेले दिसते आणि मागे दोन्ही बाजूंना तिरप्या लाटांची शेपटी सुटलेली दिसते. उन्हाळ्यात त्याच जागी पाणी थबकले की खांब मुकाट उभे असतात, शेपटी नाहीशी होते. पाणबुडीचा पेरिस्कोप म्हणजे चालणारा खांब. नदी उभी आणि खांब पळतो, एवढाच फरक.

खांबाच्या पुढे पाणी किती चढेल, याचा ढोबळ हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रात बसतो : वेगाचा वर्ग, भागिले गुरुत्वीय त्वरणाची दुप्पट. पाणबुडी २ नॉटने, म्हणजे माणसाच्या संथ चालीने जात असेल, तर नळीपुढे पाणी जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर चढते. वेग दुप्पट करून ४ नॉट केला की ते २० सेंटिमीटरच्या वर जाते. ६ नॉटला जवळजवळ अर्धा मीटर. वेग तिप्पट झाला आणि पाण्याचा तुरा नऊपट. या तुऱ्याला आणि त्यामागच्या फेसाळ रेघेला इंग्रज नाविक पिसाची उपमा देत. नळी मनगटाएवढी बारीक असली तरी पीस दुरून दिसते. शिवाय वेगाने नळी थरथरते, काच ओली होते, समोरचे चित्र हलते. म्हणजे ज्यासाठी डोके वर काढले, तेही नीट दिसत नाही.

म्हणून जुने कप्तान पाणबुडी हळू करत, समुद्र किती खवळलेला आहे ते पाहून नळी वीतभर वर काढत, काही सेकंद बघत आणि लगेच खाली घेत. लाटा असतील तर पीस लाटांच्या फेसात लपते. आरशासारख्या समुद्रात तेवढ्यानेही घात होतो. जर्मन पाणबुड्यांत दोन पेरिस्कोप असत. एक जाडसर, आकाश आणि क्षितिज न्याहाळायला. दुसरा बारीक डोक्याचा, हल्ल्याच्या शेवटच्या क्षणांसाठी. खेळातही दोन्ही असतात आणि नवखा नेमका जाड डोक्याचा घेऊन शत्रूच्या पुढ्यात उभा राहतो.

पण ‘हळू’ म्हणजे किती हळू, याला खालचीही मर्यादा आहे आणि खेळणाऱ्यांना ती उशिरा कळते. पाण्याखालची पाणबुडी ठरावीक खोली राखते ती पंखांसारख्या आडव्या सुकाणूंच्या जोरावर, आणि त्या सुकाणूंना वाहते पाणी लागते. वेग फार उतरला की सुकाणू लुळे पडतात. अशा वेळी टॉर्पेडो सोडला तर पुढचे वजन एकदम कमी होते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टॉर्पेडोचे वजन दीड टनाच्या वर होते. समतोल सावरायला टाकीत पाणी घेतात, पण त्यात काही क्षण चुकले की पाणबुडीचे नाक आपोआप वर उसळते. नळी दिसू नये म्हणून एवढी काळजी घ्यायची आणि शेवटी अख्खी पाणबुडीच पाण्यावर!

हे एकाच माणसाच्या बाबतीत दोनदा घडले. ऑटो वेडिगेन हा जर्मन कप्तान. २२ सप्टेंबर १९१४ रोजी हॉलंडच्या किनाऱ्याजवळ त्याच्या ‘यू-९’ या पाणबुडीने अबुकीर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर सुमारे दीड तासात बुडवल्या. १,४५९ माणसे गेली. त्या क्रूझर जेमतेम १० नॉटने, वळणे न घेता सरळ चालल्या होत्या, हा तपशील पुढे लागणार आहे. होगवर दोन टॉर्पेडो सोडताच यू-९ हलकी होऊन पाण्याबाहेर आली आणि बुडत्या होगने तिच्यावर तोफा डागल्या. वेडिगेन त्या दिवशी वाचला. पुढे १८ मार्च १९१५ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेला ‘यू-२९’ मधून त्याने नेपच्यून या युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडला. पाणबुडी पुन्हा तशीच वर आली. जवळच ड्रेडनॉट ही युद्धनौका होती. तिने पाठलाग करून टक्कर दिली आणि यू-२९ चे दोन तुकडे केले. कोणी वाचले नाही. ज्या ड्रेडनॉटने साऱ्या जगाच्या आरमारांचे मोजमाप बदलले, तिने आयुष्यात बुडवलेले शत्रूचे जहाज हे एवढेच, आणि तेही तोफेने नाही.

आता हा विषय भीमा आणि घोडनदीच्या काठावर कसा पोहोचला, ते सांगायला हवे. पुण्याहून रेल्वेने पाऊणशे किलोमीटरवर दौंड, आणि नगर रस्त्याने जवळजवळ तेवढ्याच अंतरावर शिरूर. दोन्ही गावांना समुद्र नाही. शिरूरला घोडनदी आहे, दौंडला भीमा, आणि खाली उजनीचा फुगवटा; त्यात बुडालेल्या पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर पाणी उतरले की वर डोकावते. या भागातल्या माणसाला पाण्याखालच्या जगाचे जे दर्शन होते ते एवढेच. तरी शिरूरचा एक महाविद्यालयीन तरुण आणि दौंडचा त्याचा थोरला आतेभाऊ रात्री फोन चालू ठेवून हे खेळ खेळतात. थोरला रेल्वेत इंजिनावर सहायक आहे. धाकट्याची पाणबुडी तिसऱ्यांदा बुडाली, तेव्हा तो वैतागून म्हणाला, “दादा, मी वेग कमी केला होता रे. ते जहाज दिसलं की लगेच केला.” थोरल्याचे उत्तर त्याच्या धंद्यातून आले : “दिसल्यावर करून काय उपयोग? आम्ही गाडीचा वेग सिग्नल दिसायच्या आधीच आवरतो. दिसल्यावर आवरायला गेलं तर गाडी सिग्नलच्या पुढं जाऊन थांबते.”

याहून नेमके कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत लिहिलेले नसेल. शेकडो टनांची पाणबुडी यंत्र बंद करताच थांबत नाही. बरेच अंतर घसरत जाते आणि तोवर वर असलेली नळी पीस उमटवीत राहते. म्हणून वेग उतरवायचा तो डोळा उघडण्यापूर्वी, आणि वाढवायचा तो डोळा मिटल्यानंतर.

या हिशेबात आणखी एक खर्च दडलेला आहे : वीज. १९४३ साली हिंदी महासागरात पाठवलेल्या जर्मन ‘मान्सून’ तुकडीच्या लांब पल्ल्याच्या पाणबुड्या पाण्याखाली ४ नॉटने फार तर ६३ सागरी मैल जाऊ शकत. पूर्ण वेग ७ नॉटच्या थोडा वर; पण त्या वेगाने तासा-दोन तासांतच बॅटऱ्या रिकाम्या होत. म्हणजे ताशी तेरा किलोमीटर, शिरूरच्या बाजारपेठेतल्या सायकलचा वेग, तोही घटकाभरच. पाण्याखालची पाणबुडी हे जगातले सर्वांत मंद शिकारी जनावर होते. ती सावजाच्या मागे लागत नसे. सावज कुठून जाणार हे ओळखून आधीच वाटेत जाऊन बसत असे.

‘सायलेंट हंटर ४’ च्या २००८ मधल्या पुरवणीत खेळाडूला नेमकी हीच मान्सून तुकडी मिळते. धाकट्याने मुंबईच्या नैर्ऋत्येला एक मालवाहू जहाज बुडवले आणि आनंदाने चित्र पाठवले, तेव्हा थोरल्याने विचारले, “खरंच असं इथं बुडालं होतं का?” बुडाले होते. २ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबईच्या नैर्ऋत्येला ‘यू-१६८’ ने हायचिंग हे जहाज बुडवले. त्याच महिन्यात ११ तारखेला ‘यू-५३२’ ने जलबाला बुडवले. ते सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९१९ मध्ये ज्या स्वदेशी कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला तिचे. ‘यू-१८८’ ने तर फेब्रुवारी १९४४ मध्ये शिडाची सात गलबते बुडवली. त्याआधी, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मुंबईहून मोंबासाकडे निघालेल्या तिलावा या उतारू जहाजावर जपानी ‘आय-२९’ ने टॉर्पेडो सोडले. २८० माणसे गेली. वाचलेल्यांना ब्रिटिश जहाजांनी परत मुंबईला आणले. पाच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ रोजी, मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून सुभाषचंद्र बोसांना उतरवून घेणारी पाणबुडीही हीच आय-२९. इतिहासात एकच जहाज एका घरात शाप आणि दुसऱ्या घरात वरदान ठरते, ते असे. हायचिंग बुडवणारी यू-१६८ स्वतः ६ ऑक्टोबर १९४४ रोजी जावाजवळ एका डच पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली.

खेळाच्या काचेत यातले कोणीही दिसत नाही. तिथे टनांचा आकडा दिसतो. त्या टनांवर भट्टीपाशी आणि डेकवर राबणाऱ्या खलाशांत कोकणच्या खाड्यांतून आलेली माणसे किती होती, हे विचारायला खेळात कळ नाही.

आता दीव. मराठी घरांत १९७१ चे आरमारी युद्ध म्हटले की कराचीवरचा क्षेपणास्त्र हल्ला आठवतो, आणि तो अभिमानाचा आहेच. पण त्याच आठवड्यात पश्चिम किनाऱ्यावर दुसरी गोष्ट घडत होती. पाकिस्तानची ‘हंगोर’ ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी युद्ध सुरू होण्याआधीपासून मुंबईबाहेर दबा धरून होती. कप्तान होते कमांडर अहमद तस्नीम. २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भारताचा पश्चिम ताफा तिच्या जवळून बाहेर पडला. युद्ध अजून घोषित नव्हते, गोळी चालवण्याची मुभा नव्हती. हंगोर गप्प बसली. ३ तारखेच्या संध्याकाळी युद्ध पेटले, तोवर ताफा निघून गेला होता. पुढे ती उत्तरेला सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे सरकली आणि तिने कराचीला बिनतारी संदेश पाठवले. ते भारतीय नौदलाने पकडले. पाणबुडी कुठे आहे याचा अंदाज आला आणि तिला मारण्यासाठी मुंबईहून चौदाव्या फ्रिगेट तुकडीतली खुकरी आणि किरपाण ही दोन जहाजे निघाली.

खुकरी ही इंग्लंडमध्ये बांधलेली, १९५८ साली नौदलात आलेली, पाणबुड्या शोधण्यासाठीच घडवलेली छोटी फ्रिगेट. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला हे तिचे आणि साऱ्या तुकडीचे प्रमुख. तिचा पूर्ण वेग २७ नॉटच्या आसपास होता. हंगोर पाण्याखाली फार तर १६ नॉट, तेही थोडा वेळ. कागदावर शिकारी कोण आणि शिकार कोण, हे उघड दिसते.

पण जहाजाच्या कानांचे काय? जुन्या ब्रिटिश सोनारची पोच कमी होती आणि अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात तापमानाचे थर ध्वनीला वाकवतात, त्यामुळे ती आणखी आखडे. फ्रेंच पाणबुडीचे कान त्याहून कितीतरी लांबचे ऐकत. नौदलाला हे माहीत होते. याहून बरे जहाज त्या वेळी हाताशी नव्हते. खुकरीवर एक तरुण अधिकारी, लेफ्टनंट व्ही. के. जैन, सोनारची पोच वाढवणारी स्वतःची एक सुधारणा तपासून पाहत होते. त्या सुधारणेला शांतता हवी होती. जहाज वेगाने धावले की त्याच्याच पंख्याचा आणि अंगाला घासणाऱ्या पाण्याचा आवाज सोनारमध्ये भरतो आणि समुद्र मुका होतो. म्हणून खुकरी १२ नॉटने चालली होती.

इथे पेरिस्कोपचा नियम उलटा होऊन दुसऱ्या बाजूला जातो. पाणबुडी बघण्यासाठी हळू होते. पाणबुडी शोधणारे जहाज ऐकण्यासाठी हळू होते. दोघांनाही ज्ञान हवे असते, आणि दोघेही ते वेग देऊन विकत घेतात. फरक असा की हळू झालेली पाणबुडी अधिक लपते, आणि हळू झालेले जहाज अधिक सोपे लक्ष्य होते.

९ डिसेंबरच्या सकाळी हंगोरला ईशान्येला दोन युद्धनौकांची चाहूल लागली. मागे धावून गाठणे तिला शक्य नव्हते. तस्नीम यांनी पाठलाग सोडून नकाशा हाती घेतला. जहाजे आयताकार फेऱ्या मारत समुद्र पिंजत होती. पुढची फेरी कुठून जाईल याचा अंदाज बांधून हंगोर संध्याकाळी त्या वाटेवर जाऊन थांबली. सावज पायांनी तिच्याकडे चालत येणार होते.

रात्र झाली. हंगोर पेरिस्कोपच्या खोलीवर आली आणि तस्नीम यांनी काचेला डोळा लावला. काहीच दिसले नाही. रात्र काळी, दोन्ही जहाजांचे दिवे मालवलेले. रडार आणि सोनार सांगत होते की जहाजे येताहेत. डोळा म्हणत होता की समुद्र रिकामा आहे. खेळ खेळणाऱ्या हजारातल्या नऊशे नव्याण्णवांनी या क्षणी काय केले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. नळी आणखी वर, आणखी थोडा वेळ, आणखी थोडे जवळ. तस्नीम यांनी पेरिस्कोप खाली घेतला, पाणबुडी खोल नेली आणि निव्वळ ऐकून हल्ला करायचे ठरवले. सुमारे ४० मीटर खोलीवरून, डोळे मिटून, पहिला टॉर्पेडो किरपाणवर सुटला. तो तिच्या तळाखालून गेला आणि फुटलाच नाही. दुसरा खुकरीवर सुटला.

रात्रीचे नऊ वाजायचे होते. स्फोट जहाजाच्या पोटात झाला आणि दिवे गेले. खुकरी काही मिनिटांतच बुडाली, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसाला अंधारात जिना शोधायलाही पुरणार नाही इतक्या वेळात. कप्तान मुल्लांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले, माणसांना समुद्रात उड्या मारायला लावले आणि स्वतः जहाज सोडले नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. लेफ्टनंट जैनही त्यांत होते. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर ही जागा आहे. स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेले हे एकमेव युद्धजहाज. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

त्या १२ नॉटवर पन्नास वर्षे वाद झाला. वाचलेल्यांनी बोलून दाखवले, निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिले. पाणबुडी फिरते आहे हे ठाऊक असलेल्या पाण्यात इतक्या मंद चालीने जाणे हा घात होता, असे एका बाजूचे म्हणणे. १९१४ च्या त्या तीन क्रूझरही अशाच चालत होत्या, आणि शतकातला पहिला धडाच तो होता, हे खरे. पण सगळा दोष वेगाच्या आकड्यावर टाकणे फार सोयीचे आहे. खुकरी २५ नॉटने धावली असती तर तिला पाणबुडी ऐकू आली नसती, आणि पाणबुडी शोधायला निघालेल्या जहाजाने ऐकणे सोडायचे तर त्याने बंदर सोडावे कशाला? वेगात जहाज गर्जत जाते. आवाजाचा माग काढणाऱ्या टॉर्पेडोला ती गर्जनाही उपयोगी पडते. जैन जे करत होते तो हट्ट नव्हता. कमी ऐकणाऱ्या जहाजाला थोडे अधिक ऐकू यावे, एवढाच तो प्रयत्न होता. प्रश्न विचारायचाच तर तो १२ नॉटचा आदेश देणाऱ्या पुलावरच्या माणसाला विचारण्याआधी, आखूड कानांची जहाजे लांब कानांच्या शत्रूवर पाठवावी लागली त्या वर्षांच्या तयारीला विचारावा. मुल्लांपुढे दोन वाईट पर्याय होते आणि त्यांनी त्यातला जो निवडला त्यात ऐकू येण्याची आशा तरी होती.

हल्ल्यानंतर हंगोरलाही तोच हिशेब भोगावा लागला. पुढचे काही दिवस भारतीय जहाजे आणि विमाने तिला शोधत होती, डेप्थ चार्ज टाकत होती. पळावे तर आवाज होतो आणि बॅटरी संपते; थांबावे तर वेढा आवळतो. बॅटरी भरायला हवा हवी, म्हणून हवेची नळी वर काढावी लागते, आणि तीही पाण्यावर रेघ ओढतेच. ती रात्री थोडी थोडी हवा घेत, रांगत कराचीला पोहोचली.

हे सगळे वाचल्यावर शिरूरच्या त्या तरुणाने भावाला विचारले, “दादा, मग खुकरीच्या बाजूनं खेळता येतं का?” सायलेंट हंटर मालिकेत येत नाही, ती खेळाडूला पाणबुडीतच बसवते. २००२ मध्ये ‘डिस्ट्रॉयर कमांड’ नावाचा जोडखेळ निघाला होता. त्यात विनाशिकेच्या पुलावर उभे राहून ‘सायलेंट हंटर २’ खेळणाऱ्याची पाणबुडी शोधता येई. तो फारसा चालला नाही. ऐकण्यासाठी वेग सोडायचा आणि काही ऐकू न येता तासन् तास फेऱ्या मारायच्या, यात खेळणाऱ्यांना गोडी वाटली नसावी. डोळ्याला काच लावून टनांचा आकडा वाढताना पाहण्यात ती अधिक आहे.

माझगाव गोदीत भारताची पहिली स्वदेशी बांधणीची पाणबुडी ‘शल्की’ तयार झाली आणि १९९२ मध्ये नौदलात आली. याच गोदीत बांधलेल्या नव्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांपैकी पहिली डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी, वाघशीर, जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. आता डोळ्याला काच लावून फिरत बसावे लागत नाही. कॅमेऱ्यांचा खांब काही सेकंदांत चहूबाजूंचे चित्र टिपतो, खाली येतो, आणि मग ते पडद्यावर निवांत पाहता येते. खांब पाण्यातून चालला की पीस मात्र अजून तेवढेच उठते. वेगाच्या वर्गाला सूट मिळालेली नाही.

जुनी हंगोर आज कराचीच्या सागरी संग्रहालयात जमिनीवर उभी आहे. पाकिस्तानसाठी चीनमध्ये बांधलेल्या नव्या वर्गाच्या पहिल्या पाणबुडीचे जलावतरण एप्रिल २०२४ मध्ये झाले. त्या वर्गाचे नाव पुन्हा हंगोर. खुकरी हे नावही परत आले होते. १९८९ मध्ये नौदलात आलेली, माझगाव गोदीत बांधलेली नवी खुकरी ३२ वर्षे चालली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली. तिला दीवला नेऊन संग्रहालय केले आहे. किनाऱ्यावरच्या टेकाडावर पहिल्या खुकरीचे स्मारक आहे, काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती आहे, आणि समोर तोच समुद्र. मूळ जहाज तिथून ४० सागरी मैलांवर तळाशी आहे, आणि त्यातली बहुतेक माणसेही.